ठाण्याचे रस्ते आणि फुटपाथ दिव्यांगांसाठी कसे सुधारायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत कुठेही टेप घेऊन फुटपाथ मोजायला उभं राहिलं की पाच मिनिटांत कोणीतरी थांबून विचारतंच, "काय चाललंय?" मग एकातून दुसरा प्रश्न निघतो. सोसायटीच्या बैठकांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांतही साधारण हेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सुगम्य रस्ता म्हणजे नेमकं काय? रॅम्प बांधला की झालं ना?

नाही. घराच्या दारातून निघालेल्या माणसाला बस थांबा, दवाखाना, बँक किंवा तलावपाळीपर्यंत कोणी न उचलता, न ओढता जाता आलं तरच तो रस्ता सुगम्य. गोखले रोडवरून स्टेशनकडे जाताना सगळे कोपरे नीट असले आणि एकाच ठिकाणी वीतभर उंचीचा कठडा आडवा आला, तर व्हीलचेअरवरच्या माणसाला तिथून मागे फिरावं लागतं, नाहीतर चालत्या गाड्यांमध्ये उतरावं लागतं. आधीचे सगळे रॅम्प तिथेच वाया जातात. "आमच्या प्रभागात इतके रॅम्प केले" अशी यादी कोणी वाचून दाखवली, की ते रॅम्प कुठून कुठे जातात एवढं विचारा.

पण रस्त्यावर व्हीलचेअर दिसतच नाही. इतके दिव्यांग लोक आहेत तरी कुठे?

घरात. बाहेर पडता येत नाही म्हणून दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी काही बांधलं जात नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली, त्यातले २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रातले. तेव्हा मोजकेच प्रकार धरले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरता आणि चलनवलनाचं अपंगत्व तर आहेच, शिवाय पार्किन्सन, हिमोफिलिया, स्वमग्नता आणि अॅसिड हल्ल्यातले पीडितही आहेत.

कागदावर दिव्यांग नसलेल्यांचाही विचार करा. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या मावशी, डायलिसिसहून परतणारे काका, बाबागाडी ढकलणारी आई, पहाटेच्या गाडीसाठी चाकांची बॅग ओढत स्टेशनकडे निघालेलं कुटुंब. उतार सगळ्यांनाच लागतो. बाकीचे फक्त कसंतरी निभावून नेतात.

फुटपाथ नेमका कसा असावा? मापं सांगता का?

सांगतो, आणि ती पाठ करून ठेवा. अभियंत्याशी बोलताना "नीट करा" म्हणण्यापेक्षा आकडा सांगितला की फरक पडतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या संहितेत (आयआरसी १०३) मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. मोकळी म्हणजे झाड, विजेचा खांब, डीपी (विजेची पेटी), जाहिरातीचा फलक आणि चहाची टपरी वगळून. ठाण्यात बहुतेक फुटपाथ नकाशावर दोन मीटरचे असतात आणि प्रत्यक्षात हातभर उरतात. फुटपाथची रस्त्यापासूनची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. जुन्या रस्त्यांवर फूटभर उंचीचे फुटपाथही सापडतात, तिथे तर धडधाकट माणूससुद्धा रस्त्यावरूनच चालणं पसंत करतो.

उतार १:१२ हवा. म्हणजे १५ सेंटीमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा उतार. अर्ध्या मीटरमध्ये सिमेंटचा उंचवटा थापून त्याला रॅम्प म्हणायची जी पद्धत आहे, त्यावर व्हीलचेअर मागे उलटू शकते. रॅम्प अजिबात नसता तर निदान माणूस तिकडे गेला तरी नसता. व्हीलचेअर जायला किमान ९० सेंटीमीटर मोकळी जागा लागते, आणि जागेवर पूर्ण वळायला १.५ मीटरचं वर्तुळ.

डोक्यावरची जागाही बघा. पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा ओळखते, पण छातीच्या उंचीला आलेली एसीची बाहेरची पेटी, दुकानाचा उघडा शटरबोर्ड किंवा लोंबणारी केबल तिला कळत नाही. ते थेट कपाळावर बसतं.

राहता राहिले पेव्हर ब्लॉक. बसवले त्या दिवशी छान दिसतात. दोन पावसाळ्यांत खालची वाळू वाहून जाते, ब्लॉक खचतात आणि व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं नेमकी त्या खड्ड्यात अडकतात. मला विचाराल तर निदान चालण्याच्या मधल्या पट्ट्यात सपाट काँक्रीट हवं. पेव्हर लावायचेच असतील तर कडेला, जिथून केबलवाल्यांना उठसूट खणायचं असतं तिथे लावा.

त्या पिवळ्या खडबडीत टाइल्स कशासाठी असतात?

दृष्टिहीन व्यक्तींना पायाने आणि काठीने वाट कळावी म्हणून. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी त्या शोधून काढल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. त्यांचे दोन प्रकार आहेत. लांब रेघांची टाइल म्हणजे "या दिशेने चालत राहा". गोल ठिपक्यांची म्हणजे "थांब, पुढे काहीतरी आहे": पायरी, उतार, रस्ता, वळण.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्या नक्षी म्हणून बसवतात. एक नमुना सांगतो. फुटपाथच्या मधोमध रेघांच्या टाइल्सची सुंदर सरळ ओळ जाते आणि विजेच्या डीपीच्या दाराला जाऊन भिडते. डीपीच्या आधी ठिपक्यांची एकही टाइल नाही. पलीकडे तीच ओळ पुन्हा सुरू होते, मधल्या चेंबरच्या लोखंडी झाकणावर तुटते, आणि शेवटी रस्ता ओलांडायच्या जागी जिथे ठिपके हवेत तिथेही रेघाच, म्हणजे थेट रस्त्यात "चालत राहा" असा आदेश. टाइल्स बसवणाऱ्या कामगाराला त्यांचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो, आणि ज्याने सांगायचा त्यालाही बहुधा माहीत नसतो.

रंगही महत्त्वाचा. अल्पदृष्टी असलेल्यांना पिवळी पट्टी गडद जमिनीवर दिसते. लाल फुटपाथला शोभावी म्हणून लाल टाइल लावली की त्यांच्यापुरती ती गायब होते.

व्हीलचेअरला सपाट हवं, अंध व्यक्तीला कड कळायला हवी. दोघांचं एकत्र कसं जमणार?

प्रश्न खरा आहे, आणि तो विचारणारे कमी भेटतात. फुटपाथ रस्त्यात अगदी अलगद मिसळला तर खुर्चीला सोयीचं होतं, पण काठीने चालणाऱ्याला आपण रस्त्यात कधी उतरलो ते कळत नाही. उत्तर आहे उताराच्या पूर्ण रुंदीला ठिपक्यांची टाइल. खुर्ची तिच्यावरून थोडी खडखडत जाते, काठीला इशारा मिळतो. मात्र तीच ठिपक्यांची टाइल अख्ख्या उतारावर पसरली तर खुर्चीवरच्या माणसाचं कंबरडं मोडतं. म्हणून ती फक्त कडेला.

दुचाक्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून खांब लावतात, ते चांगलंच ना?

हेतू चांगला. घोडबंदर रोडवर कोंडी झाली की दुचाकीस्वार फुटपाथला जादा मार्गिका समजतात, हे आपण सगळेच बघतो. पण खांब इतके जवळ रोवतात की व्हीलचेअर आत शिरत नाही. दुचाकी हँडल तिरकं करून निघून जाते, आणि जिच्यासाठी फुटपाथ आहे ती खुर्ची बाहेर राहते.

मुंबईतल्या अशाच खांबांबद्दल एका व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकाने ईमेल पाठवला आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. तुमच्याकडे खांब लागत असतील तर दोन खांबांमधलं अंतर स्वतः मोजा. ९० सेंटीमीटरच्या खाली असेल तर लगेच लेखी कळवा. दुचाक्या आवरायच्या असतील तर वाहतूक पोलिसांनी दंड करावा. तेवढ्यासाठी फुटपाथ बंद करायचं कारण नाही.

आमच्या गल्लीत फुटपाथचं काम चालू आहे. कोणाशी, केव्हा बोलावं?

या पानावरचं दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, हे वाचा.

ठाण्यातल्या वाईट फुटपाथांचं कारण पैसा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसा खर्च होतोच. काम झाल्यावर ते चालून, ढकलून कोणी तपासत नाही आणि ठेकेदाराचं बिल निघतं. एकदा बिल निघालं की तो फुटपाथ पुढची निविदा येईपर्यंत तसाच. तेव्हा बोलायची वेळ म्हणजे बिल निघण्याआधी, आणि त्याहून चांगली म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी.

कामाच्या जागी फलक असतो. त्यावर कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम आणि मुदत असते. त्याचा फोटो काढा. प्रभाग समितीच्या बांधकाम विभागातले कनिष्ठ किंवा उप अभियंता जागेवर येतात, तेव्हा गाठा. सोबत एखादी व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती आणि एखादी काठीने चालणारी व्यक्ती असली तर भाषण करावं लागत नाही. नुसती खुर्ची त्या उतारावर चढवायला सांगा. बहुतेक मोबाइलमध्ये उतार मोजायचं साधन असतं. १:१२ म्हणजे जवळजवळ पाच अंश. मोबाइल उतारावर ठेवला आणि दहा अंश दिसले, की साहेबांना वेगळं काही सांगायला लागत नाही. मुकादमही मान डोलावतो, कारण त्याला आधीपासून माहीत असतं. त्याला कोणी विचारलेलं नसतं एवढंच.

तोंडी ठरलेलं त्याच दिवशी ईमेलने किंवा आवक-जावकचा शिक्का घेऊन लेखी द्या. काम होऊन गेलं असेल तर दोषदायित्व कालावधी किती आहे ते विचारा. त्या मुदतीत खराब झालेलं काम ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. ही मुदत संपल्यावर जागं होणं हा आपला जुना रोग आहे.

कायदा काय म्हणतो? महापालिकेवर बंधन आहे की नुसती विनंती?

बंधन आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम ४१ मध्ये बस थांबे, स्थानकं आणि वाहनांबरोबर सुगम्य रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. कलम ४४ नुसार मानकं न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच उलटली. कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

न्यायालयांचे दोन निकाल हाताशी ठेवा. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की सुगम्यतेची मानकं नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, ती सक्तीची हवीत, आणि त्यामुळे २०१७ च्या नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने नीट फुटपाथ वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि ते दिव्यांगांना वापरता यायला हवेत हेही बजावलं.

तक्रार कुठे करायची? दिव्यांग प्रमाणपत्र लागतं का?

प्रमाणपत्र लागत नाही. अडलेला फुटपाथ हा कुठल्याही नागरिकाच्या तक्रारीचा विषय आहे.

आधी आपली प्रभाग समिती. फोटोत टेप दिसू द्या, जवळच्या दुकानाची किंवा खांबाची खूण लिहा. "रस्त्याची दुरवस्था" असं मोघम लिहिलेलं पत्र फायलीत जातं. "अमुक चौकात दक्षिणेच्या कोपऱ्यावर उतार नाही, कठडा २४ सेंटीमीटर" असं लिहिलेल्या पत्राला निदान उत्तर तरी द्यावं लागतं. केंद्र सरकारचं सुगम्य भारत अॅपही आहे.

तिथे दाद लागली नाही तर पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. राज्य आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली तर संबंधित यंत्रणेने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. वकील लागत नाही, साधा मराठी अर्ज चालतो.

माहिती अधिकारही वापरा: दहा रुपये शुल्क, तीस दिवस, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मंजूर नकाशा आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवतात त्या वहीची) प्रत मागा. मोजमाप पुस्तिकेत काय लिहिलंय आणि जागेवर काय आहे हे शेजारी ठेवलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी मागायचाही हक्क आहे, तो फार थोडे लोक वापरतात.

फेरीवाले हटवले की प्रश्न सुटेल ना?

अर्धवट. जांभळी नाक्याच्या बाजारात संध्याकाळी खुर्ची शिरत नाही, हे खरं. पण रिकाम्या फुटपाथवरही ती शिरत नाही, कारण चढायला उतारच नसतो. शिवाय २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांना नियमांच्या चौकटीत राहून धंदा करण्याचा हक्क दिला आहे. मुद्दा जागा आखण्याचा आहे. १.८ मीटर चालायला सोडून उरलेल्यात विक्रेता बसू शकतो, आणि जिथे तेवढी जागाच नाही तिथे बसू शकत नाही.

गंमत अशी की पूर्वी फोन बूथसाठी दिव्यांगांनाच दिलेले कित्येक स्टॉल फुटपाथवर आहेत. पोटापाण्याची सोय म्हणून दिले आणि चालायची जागा काढून घेतली, तीही दुसऱ्या दिव्यांगाची. त्यांना उठवा असं मी म्हणणार नाही. रुंद जागा बघून हलवा.

गणपती-नवरात्रात मंडपांचं काय?

ठाण्यातल्याच डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाबरोबर रस्त्यांवरच्या मंडपांबद्दलही आदेश दिले. वाहतुकीला आणि पादचाऱ्यांना अडथळा होईल अशा मंडपाला महापालिकेने परवानगी देता कामा नये, असा त्या आदेशांचा रोख आहे. तरी मंडळाशी भांडण काढण्यापेक्षा मंडप उभा राहण्याआधी अध्यक्षांना भेटलेलं बरं. बहुतेक मंडळं एक बाजू मोकळी सोडायला तयार होतात, आणि दर्शनाच्या रांगेत एक उतार करायलाही. सण झाल्यावर खड्डे बुजवलेत का ते मात्र पाहा. बांबूच्या खड्ड्यात काठी आणि कुबडी दोन्ही अडकतात.

तीन हात नाका किंवा घोडबंदर रोड ओलांडायचा कसा? पादचारी पूल बांधावेत का?

मोठ्या रस्त्यावर पूल बांधणं म्हणजे गाड्यांना सपाट रस्ता आणि पायी माणसाला चाळीस पायऱ्या. लिफ्ट असली तरी ती चालू असेल याची हमी कोण देणार? शक्य तिथे जमिनीवरूनच ओलांडण्याची सोय हवी. पूल अगदी शेवटचा उपाय.

सिग्नलचा वेळ साधारण सेकंदाला १.२ मीटर या चालीने धरतात. २४ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबाने वीस सेकंद. कुबडीवर किंवा वॉकरवर चालणारे आजोबा सेकंदाला ०.८ मीटरने चालले तरी त्यांना तीस सेकंद लागतात, म्हणजे दहा सेकंद ते उघड्यावर. म्हणून वेळ वाढवा, मध्ये दुभाजकावर खुर्ची मावेल इतकी रुंद थांबायची जागा ठेवा, दुभाजक तिथे सपाट कापा आणि सिग्नलला आवाज द्या. कर्णबधिर व्यक्तीला हॉर्न ऐकू येत नाही, तिच्यासाठी उलट मोजणारे आकडे मोठे आणि समोर हवेत.

मेट्रो ४ च्या कामामुळे घोडबंदर रोडवर बॅरिकेड्स वर्षानुवर्षं राहिले. कामाच्या काळातही पर्यायी पायवाट हवीच. "तात्पुरतं आहे" म्हणत इथे मुलं शाळेतून कॉलेजात गेली.

बस, रिक्षा आणि स्टेशनचं काय?

सॅटिसमुळे (ठाणे स्टेशनबाहेरच्या उन्नत डेकमुळे) पश्चिमेला बस वरच्या डेकवर येते आणि प्रवासी तिथून थेट रेल्वेच्या पुलावर जाऊ शकतो, ही चांगली गोष्ट. खरी कसोटी पुलावरून फलाटावर उतरताना लागते: लिफ्ट कुठे आहे याचा फलक दुरून दिसतो का, ती दिव्यांग डब्याच्या किती जवळ उघडते, आणि चालू आहे का. डब्याच्या जागी वाजणारा बीप आवाज दृष्टिहीन प्रवाशांना उपयोगी पडतो, तो बंद पडला की स्टेशन मास्तरांना कळवा.

टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या बससेवेच्या) बाबतीत थांबा आणि बस यांच्यातलं अंतर हाच मोठा अडथळा. थांब्यासमोर रिक्षा उभ्या असतात, बस रस्त्याच्या मधोमध थांबते, आणि बसमध्ये रॅम्प असला तरी तो टेकायला फुटपाथ लागतो. रिक्षावाल्यांबद्दल सहसा तक्रार नसते. घडीची खुर्ची मागे बांधून देणारे भरपूर भेटतात.

सार्वजनिक शौचालय आणि पार्किंग?

शौचालयाबाबत पहिला प्रश्न: किल्ली कोणाकडे आहे? दिव्यांगांसाठीची खोली अनेक ठिकाणी झाडू-बादल्यांचं कोठार झालेली असते. दार ९० सेंटीमीटर रुंद, बाहेर उघडणारं, आत खुर्ची वळेल एवढी जागा, आधाराचे दांडे. पार्किंगची जागा ३.६ मीटर रुंद, म्हणजे दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावता येते.

सोसायटीच्या गेटसमोर गाडीसाठी उतार केलाय, तो चालतो का?

सहसा नाही. गाडी आत घ्यायला सोसायट्या फुटपाथच तोडतात आणि चालणाऱ्याला दर वीस पावलांवर उतरावं, चढावं लागतं. फुटपाथ सलग त्याच पातळीवर ठेवा, गाडी हळू चढून उतरू दे. इंजिन तिच्याकडे आहे.

व्हीलचेअरवरची व्यक्ती वाटेत अडकलेली दिसली तर काय करावं?

आधी विचारा, "मदत हवी का, कशी करू?" न विचारता हँडल धरू नका. नको म्हणाल्या तर पुढे जा. कठड्यावर चढवायचं असेल तर खुर्ची किंचित मागे कलती करून पुढची चाकं वर टेकवा, मग ढकला. उतरवताना पाठमोरी, मोठी चाकं आधी. दोघांनी उचलायचीच वेळ आली तर हात टेकायच्या आणि पाय ठेवायच्या भागाला धरू नका, ते निघून हातात येतात. चौकटीला धरा, आणि उचलण्याआधी ब्रेक लावलेत का ते बघा.